केसपेपरवर 'तोंड : नॉर्मल' लिहिलं, पण दात बघितलेच नव्हते

प्रश्न (इंटर्न):
मेडिसिनच्या वॉर्डात एक काकू होत्या. साखर काही केल्या आटोक्यात येईना. गोळ्या वाढवल्या, मग इन्सुलिन सुरू केलं. एके सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "हिरड्यांतून येतं गं, वर्ष झालं. पण ते दातांचं ना, तुम्हाला कशाला सांगायचं?" खालचे दोन दात बोट लावताच हलत होते. आणि त्यांच्या केसपेपरवर 'तोंड : नॉर्मल' मीच लिहिलं होतं. टॉर्च घेऊन घसा बघितला होता, दात ओलांडून. हे मनातून जात नाहीये.
आता वस्तीत तपासणी शिबिरं घ्यायची आहेत. माणसामागे पाच मिनिटंही नसतात. तोंडाची तपासणी त्यात कशी बसवू?

उत्तर १ (दंतवैद्य, शिकवते):
1840 साली अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज निघालं, आणि पुढे डॉक्टरकीचं आणि दातांचं अशी दोन्ही शिक्षणं बहुतेक ठिकाणी वेगवेगळीच चालत आली. त्यामुळे तुला कुणी दाखवलंच नसणार. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर चढते. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) साधारण 0.4 टक्क्यांनी उतरतो. म्हणजे काकूंच्या हिरड्या हा मेडिसिनचाच विषय होता.
शिबिरात एक मिनिट पुरतं. कवळी असेल तर आधी काढायला सांग. गॉजने जिभेचं टोक धर, जीभ एकेका बाजूला ओढून कडा बघ, मग टाळूला लावायला सांगून खालची जागा बघ. कर्करोग बऱ्याचदा तिथेच असतो आणि सुरुवातीला दुखत नाही. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की पुढे पाठव.

उत्तर २ (बालरोगतज्ज्ञ):
लहान मुलांचा वरचा ओठ उचलून बघा. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. भोक पडलेलं नसतं, तोवर ती थांबवता येते. दातांवर कीड रोखणाऱ्या फ्लोराइड वार्निशचा हात फिरवायला मिनिटभर लागतं. आम्ही ते लसीकरणाच्या दिवशीच करतो, त्यासाठी आईला वेगळी खेप पडत नाही.
आणि एक, फार कळकळीने सांगतो. कुठे पाठवणार, कोणत्या दिवशी, हे शिबिराआधीच त्या दंतवैद्यांशी बोलून ठरवा. नुसती चिठ्ठी दिली की लोक जात नाहीत. दुखणं थांबलं की चिठ्ठी घडी घालून कपाटात जाते.

इंटर्न:
औषधांचं काय विचारू?

उत्तर १:
फिटांसाठी फेनिटॉइन किंवा रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू आहे का विचार, हिरड्या सुजून दातांवर चढतात. हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांना दात काढण्याआधी ते दंतवैद्याला सांगायला सांग, जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो. आणि तोंड कोरडं पडतं का, हे खूप गोळ्या चालू असलेल्या प्रत्येकाला विचार.

इंटर्न:
शिबिराच्या फॉर्मवर 'तोंड'च्या जागी आता पाच रकाने केलेत : हिरड्या, दात, जीभ, जिभेखाली, गाल. काकूंना उद्या दंत विभागात मीच घेऊन जातेय.