चर्चा: मेळघाटातल्या शिक्षकांना कोरकूतून शिकवायचं प्रशिक्षण – सरकारने त्यावर जास्त पैसा लावावा का?

रानवाट
मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत पहिलीत येणारं बरंच लेकरू घरी कोरकू बोलतं. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा. पण गुरुजींना ती भाषा येत नसेल तर कलम कागदावरच राहतं.

'समग्र शिक्षा' या शालेय शिक्षणाच्या योजनेत केंद्र सरकार ६० टक्के आणि राज्य ४० टक्के घालतं. त्यातला प्रशिक्षणाचा पैसा इथे आधी द्विभाषिक अध्यापनावर लागावा आणि तो वाढवावा, असं माझं ठाम मत आहे. प्रशिक्षणाचा एकच घटकसंच पुण्याला आणि मेळघाटातल्या सेमाडोहला चालत नाही.

एक उदाहरण बघा. मूल वहीत लिहितं, 'विहीरत पाणी आहे', 'मी शाळात जातो'. शिक्षक लाल गोल करतात आणि शेरा देतात 'अप्रगत'. वास्तविक कोरकूत प्रत्यय लागताना नामाचं रूप बदलत नाही. विहिरीत, शाळेत यांतलं सामान्यरूप तिथे नाहीच. म्हणजे मुलाने नियम लावलाय, फक्त घरचा. तसंच लिंगाचं. कोरकूत भेद सजीव-निर्जीव असा, त्यामुळे तो दगड, ती वीट, ते झाड यातलं काहीच त्याला आपोआप कळणार नाही. हे ठाऊक असलेला शिक्षक चूक खोडण्याआधी विहीर-विहिरीत, शाळा-शाळेत अशा जोड्या तोंडी घोकून घेईल. हे शिकवायला प्रशिक्षणच लागतं, आणि त्याला पैसा लागतो.

जमाखर्च
निदान पटलं, उपाय नाही. पैसा वाढवला तरी तो त्याच पन्हाळीतून वाहणार: राज्यस्तर, जिल्हा, तालुका, केंद्र (म्हणजे जवळच्या शाळांचा गट). वरचे प्रशिक्षणाचे पाच दिवस खाली येईतो दोन होतात. दर पायरीला आधी गाळले जातात ते सराव पाठ, कारण त्यांना वेळ जास्त लागतो. उरतात स्लाइडा आणि उपस्थितीपत्रक.

दुसरं, अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की शिक्षकाला बदली मागायचा अधिकार मिळतो. कोरकू जिभेवर रुळायला दोन वर्षं तरी जातात. जेमतेम तयार झालेला माणूस सपाटीवर उतरला की त्याच्यावरचा खर्च त्याच्याबरोबर गेला.

तिसरं, साधं गणित. नव्या शैक्षणिक धोरणात दर शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण आहे. रोज सहा तास धरले तर आठ-नऊ दिवस. द्विशिक्षकी शाळेत दोघे पाळीपाळीने गेले तर सोळा-सतरा दिवस एकच माणूस चारही वर्ग सांभाळणार, तेही प्राथमिकच्या २०० दिवसांतून. ज्या मुलांसाठी हा खटाटोप, त्यांचेच दिवस बुडतात.

रानवाट
दिवस बुडतात, मान्य. पण तो वेळापत्रकाचा दोष. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरतात. त्याआधी पाच दिवस निवासी ठेवा, पुढचे तास महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, भागवा. एकही वर्ग रिकामा राहणार नाही.

बालवाडी ते चौथी
दोघेही शिक्षकाभोवती फिरताय. माझ्या मते पैसा गावातल्या कोरकू बोलणाऱ्या बारावी झालेल्या मुलामुलींना द्या. शाळेमागे एक भाषा-साहाय्यक, दर महिन्याला मानधन. तिची बदली होत नाही, आणि पहिल्याच दिवशी लेकरू तिच्याशी बोलतं.

जमाखर्च
याला माझा पाठिंबा. मानधनाचा रुपया निदान वर्गापर्यंत पोचतो.

रानवाट
साहाय्यक हवीच, पण एकटी नको. वर्गात घडतं असं: गुरुजी मराठीत वाक्य बोलतात, ताई लगेच कोरकूत सांगते. आठवडाभरात मुलं मराठी वाक्याकडे कान देईनाशी होतात, कारण भाषांतर मिळणारच असतं. क्रम असा हवा: आधी ताई चित्र दाखवून गोष्ट कोरकूत सांगेल, मुलं बोलतील. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट गुरुजी मराठीत, त्याच चित्रांवर, हावभावांसह, ताई गप्प. तिसऱ्या दिवशी त्यातले पाच-सहा शब्द फळ्यावर. हे दोघांनी मिळून बसवावं लागतं, म्हणून प्रशिक्षणही जोडीनेच व्हावं.

बालवाडी ते चौथी
जोडीचं पटलं. माझी सूचना मागे घेत नाही, त्यात एवढी भर घालते.

जमाखर्च
मग निधीची वेळ सांगा. हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडला की मार्चअखेर खर्च दाखवायची घाई. पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, म्हणून डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) मिळेल त्या तारखा लावतं. तेव्हा कोरकू गावांत होळी असते आणि दिवाळीनंतर कामाला बाहेर पडलेली घरंही नुकतीच परतत असतात. मुलं वर्गात आणि गुरुजी प्रशिक्षणाला. जूनची तारीख तुम्ही ठरवली, पण पैसे जूनमध्ये येणार का? तोवर रक्कम वाढवायला माझा विरोध राहील.

रानवाट
तर मागणी बदलतो. या दोन तालुक्यांचा पहिला हप्ता मे महिन्यात डाएटच्या खात्यावर, आणि शेवटचा हप्ता उपस्थितीपत्रकावर नव्हे, तर केंद्रप्रमुखांनी वर्गात बसून पाहिलेल्या तीन पाठांच्या नोंदीवर. ही अट घातली तर वाढीव रकमेला हरकत आहे का?

जमाखर्च
त्या केंद्रप्रमुखांना कोरकू समजत असेल तर नाही.