‘ब्राउझर भरा आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुनाकोडकर:
काल एकांनी ठामपणे लिहिलं की इलेक्ट्रॉन (वेब पानांपासून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) आल्यापासून एकाच कोडमधून विंडोज, मॅक, लिनक्सची ॲप बनवायचा प्रश्न मिटला; क्यूटी-जीटीके-डब्ल्यूएक्स ही टूलकिटं, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररी, शिकण्यात वेळ घालवू नका. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. प्रश्न मिटलेला नाही, वापरणाऱ्याच्या मशीनवर ढकललाय. इलेक्ट्रॉनचं प्रत्येक ॲप स्वतःचं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) घेऊन येतं. चार ॲप उघडली की चार ब्राउझर चालू, आणि प्रत्येकाचे सुरक्षा-पॅच वेगळ्या वेळी. ज्युलियन स्मार्टने १९९२ मध्ये एडिनबर्ग विद्यापीठात डब्ल्यूएक्स सुरू केलं तेव्हाच योग्य वाट धरली होती: बटण सिस्टीमचंच, आपण फक्त मधला थर द्यायचा. ते सोडून साध्या नोंदी ठेवायला अख्खा ब्राउझर?

रात्रपाळी:
मधला थर म्हणणं सोपं आहे हो. सांभाळलाय कधी? सिस्टीमची कंट्रोल्स (बटणं, याद्या वगैरे) गुंडाळणारं असंच एक टूलकिट आमच्या टीमने कित्येक वर्षं वापरलं. विंडोजवर नीट चालणारी ट्री (फांद्यांसारखी उघडणारी यादी) लिनक्सवर निवडीची इव्हेंट दोनदा पाठवायची, मॅकवर फोकसच हरवायचा. कोड एकच, बग मात्र प्रत्येक सिस्टीमवर निराळे. जावाने हेच भोगलं. एडब्ल्यूटी या तिच्या पहिल्या टूलकिटमध्ये सगळ्या सिस्टीममध्ये सामाईक असेल तेवढंच मिळायचं. टेबल नाही, ट्री नाही. १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर स्विंग हे नवं टूलकिट आलं ते स्वतःच सगळं रंगवणारं. क्यूटीसुद्धा विजेट (बटणं वगैरे) स्वतःच रंगवतं, फक्त सिस्टीमसारखं दिसेल असं.

मुक्तस्रोत:
क्यूटीचं नाव निघालंच आहे तर लायसन्सचंही बोला. १९९६ मध्ये केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप त्यावर उभा राहिला, क्यूटी तेव्हा मुक्त नव्हतं; मुख्यतः त्यावरूनच १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप वेगळा निघाला. क्यूटीला २००० मध्ये जीपीएल हे मुक्त लायसन्स मिळालं, २००९ मध्ये त्याहून सैल एलजीपीएल. तोवर लिनक्स डेस्कटॉपचे दोन तट पडून गेले होते. कंपनीच्या मालकीच्या टूलकिटवर इमला बांधणाऱ्यांनी हे विसरू नये.

रात्रपाळी:
लायसन्सचा धागा वेगळा काढा.

स्वरवाचक:
बटण कसं दिसतं यावर तुमचं भांडण चाललंय. मला ते दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करतो. सिस्टीमचं बटण ‘मी बटण आहे, माझं नाव जतन करा’ असं स्वतःहून सांगतं. टूलकिटने स्वतः रंगवलेलं बटण म्हणजे नुसते पिक्सेल. त्याचं नाव-काम ही माहिती टूलकिटला विंडोज, मॅक, लिनक्स तिघांना त्यांच्या त्यांच्या पद्धतीने वेगळी पुरवावी लागते. फ्लटर या गूगलच्या टूलकिटच्या वेब ॲपमध्ये तर ती मुळात बंद असते, आधी एक अदृश्य बटण दाबावं लागतं.

जुनाकोडकर:
म्हणजे माझंच म्हणणं झालं. सिस्टीमचं बटण वापरा!

स्वरवाचक:
पूर्ण ऐका. तुम्ही ज्या टूलकिटांची बाजू घेताय त्यांतल्या जीटीकेची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली. विंडोज आणि मॅकवर स्क्रीन रीडरची सोय त्यात आली ती २०२५ च्या ४.१८ मध्ये, ॲक्सेसकिट या स्क्रीन रीडरला माहिती पुरवणाऱ्या लायब्ररीमुळे. याउलट इलेक्ट्रॉनमध्ये ही व्यवस्था क्रोमियमबरोबरच येते. एचटीएमएलचं बटण आणि लेबल सरळ वापरलं असेल तर मला वाचता येतं. मेमरी खाल्ली तरी चालेल, काम होतं.

रात्रपाळी:
मुद्दा पटतो, पण खरं सांगू का, दोन जणांच्या टीमने तीन सिस्टीमचं हे सगळं कधी करायचं? पहिली आवृत्ती बाहेर पडू द्या, मग बघू.

स्वरवाचक:
हे ‘मग बघू’ मी प्रत्येक नोकरीत ऐकलंय. आमच्या ऑफिसात पगारपत्रकाचं ॲप बदललं. नवं चकचकीत, सगळं स्वतः रंगवलेलं. त्या दिवसापासून माझा पगार शेजारच्या टेबलावरचा माणूस मला वाचून दाखवतो. रजेचं कारणही त्याच्याकडूनच भरून घ्यावं लागतं. तक्रार केली तर उत्तर आलं, पुढच्या टप्प्यात. तुमच्या पहिल्या आवृत्तीत माझी जागाच नसेल, तर क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं कुणासाठी?

मुक्तस्रोत:
याच्यापुढे लायसन्सचा मुद्दा मी मागे घेतो. इथल्यापुरता.

जुनाकोडकर:
इलेक्ट्रॉनबद्दलचा तेवढा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण तो क्रोमियमचा गुण आहे, ॲपागणिक ब्राउझर कोंबण्याचा नाही. टॉरी हे इलेक्ट्रॉनसारखंच साधन सिस्टीममधलाच वेबव्ह्यू (ॲपमध्ये वेब पान दाखवणारा भाग) वापरतं, तिथेही हा लाभ मिळायला हवा.

रात्रपाळी:
तिथे विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर डब्ल्यूके वेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके. एकच पान वेगवेगळ्या इंजिनांवर तपासत बसा. झालं की परत माझं ट्रीचं दुखणं.

स्वरवाचक:
तपासायला मी आहे. रात्रपाळी, तुमच्या ॲपची बिल्ड (चालवता येईल अशी प्रत) व्यक्तिगत निरोपात पाठवा. नुसत्या कीबोर्डवर पूर्ण फॉर्म भरता येतो का, आणि कुठे अडतो, ते लिहून देतो.