मदत हवी: लॅटिन 'पिस्किस'मधला 'इ' मुळातला की मागून आलेला?

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापासून घरीच लॅटिन शिकते आहे. शाळेतल्या संस्कृतच्या बळावर बरीच मजल मारली, पण माशापाशी अडले.

'पिस्किस' म्हणजे मासा, पुल्लिंगी. प्रथमा पिस्किस, षष्ठीही पिस्किस, षष्ठीचं अनेकवचन 'पिस्कियुम'. पुस्तकातला नियम असा: प्रथमा आणि षष्ठीच्या एकवचनात अक्षरसंख्या सारखी असली की अनेकवचनात '-इयुम'. अपवाद 'कानिस' (कुत्रा) आणि 'युवेनिस' (तरुण). त्यांचं होतं कानुम, युवेनुम. पाठ करा, पुढे चला.

पण ही जोडी मला लगेच ओळखू आली. श्वन् आणि युवन्! पाणिनीनेही दोघांना एकाच सूत्रात बसवलंय: 'श्वयुवमघोनामतद्धिते'. शुनाम्, यूनाम्. म्हणजे मूळ शब्द नकारान्त, लॅटिनने प्रथमेला 'इस' नंतर जोडला आणि षष्ठी अनेकवचनात जुनं रूप तगलं. उलट 'इग्निस' आपल्या अग्नीसारखा अस्सल इकारान्त, म्हणून इग्नियुम. अपवाद पाठ करायची गरजच उरली नाही, इतका आनंद झाला!

माशाला मात्र संस्कृतात भाऊबंद सापडत नाही. मत्स्य वेगळा (आपला 'मासा' त्याच्यातूनच आला), मीन तर द्राविडी. नातलग आहेत ते गॉथिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातली एक जुनी भाषा) 'फिस्क्स' आणि जुन्या आयरिशमधला 'इयस्क'. लॅटिन पातेर-इंग्रजी फादरसारखा गॉथिकमध्ये प चा फ झाला, आयरिशमध्ये प गळालाच. पण हे दोन्ही शब्द 'देव'सारखे अकारान्त वळणाचे. मग लॅटिनमध्ये 'इ' आला कुठून?

तो नुसता पुस्तकी नाही, एवढं नक्की. रोमन कवी होरेसच्या एका कवितेत महापुरात मासे एल्मच्या (आपल्या वावळाच्या कुळातलं झाड) शेंड्याला अडकतात, जिथे एरवी कबुतरं बसायची: 'पिस्कियुम एत सुम्मा गेनुस हाइसित उल्मो'. ओळ ११ अक्षरांची. पुढच्या 'एत'मुळे 'उम' गिळला जातो, तरी 'कि' स्वतंत्र म्हणावा लागतो. बोटांवर मोजून पाहिलं: 'पिस्कुम' घातलं तर १० अक्षरं भरतात, वृत्त मोडतं.

तर 'पिस्किस' आधी अकारान्त होता आणि लॅटिनने त्याला इकारान्तांत ओढला, की दोन्ही रूपं पहिल्यापासून शेजारी नांदत होती? शिवाय इकारान्तच असेल तर पंचमी 'पिस्की' न होता 'पिस्के' का? ऐतिहासिक व्याकरण शिकलेल्या कुणी दोन्ही टप्पे रूपांसकट मांडून दाखवले तर फार उपकार होतील.