प्रतिसाद: वरचे सूर आणि डावी तर्जनी
फ्लूटवर वरचे सूर लागत नसतील तर आणखी जोरात फुंका, हे वर कुणीतरी सुचवलंय ते पटलं नाही. जोर लावला की सूर चढतो आणि फाटतो. ओठांमधली फट बारीक करून झोत वेगवान करायला हवा.

दुसरं म्हणजे, बँडमधल्या धातूच्या फ्लूटवर मधल्या सप्तकातल्या 'डी' आणि 'ई फ्लॅट' या सुरांसाठी डावी तर्जनी उचलावी लागते. बरीच मुलं ती दाबूनच ठेवतात, सूर घुसमटतो आणि दोष बिचाऱ्या फुंकेवर जातो. माझ्या लेकीचं नेमकं हेच होत होतं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात पॅड (भोकं बंद करणाऱ्या झाकणांखालच्या मऊ गाद्या) चिकटतात, 'जी शार्प' या सुराच्या झाकणाचा तर हमखास! पॅडखाली पातळ कागद ठेवून झाकण हलकेच दाबा, ओलावा टिपला जातो. कागद ओढू मात्र नका, पॅडचा पापुद्रा फाटतो.