एम. जे. लेंडरमन: अल्ट-कंट्रीचा नवा आवाज, की पेडल स्टील जोडलेला इंडी रॉक?

दक्षिणवारा (धागाकर्ता)

नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल या डोंगराळ शहरात वाढलेल्या अमेरिकी गायक-गीतकार एम. जे. लेंडरमनचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ हा अल्बम सप्टेंबर २०२४ मध्ये आला, आणि तोवर ‘वेन्सडे’ या इंडी रॉक (बड्या कंपन्यांच्या चाकोरीबाहेरचे रॉक) बँडचा गिटारवादक म्हणून जाणकारांच्या वर्तुळातच ठाऊक असलेल्या या पंचविशीतल्या तरुणाकडे अमेरिकी समीक्षकांचे एकदम लक्ष गेले. २०२२ च्या ‘बोट साँग्ज’ने पाया घातला होताच, शिवाय मार्च २०२४ मध्ये आलेल्या वॉक्साहॅची या गायिकेच्या ‘टायगर्स ब्लड’ या अल्बममधील त्याचा आवाज आणि त्याची गिटार अनेकांच्या कानावर पडली होती.

हे कौतुक रास्त आहे, असे माझे मत आहे. कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतले लोकप्रिय संगीत) गाण्याचे मर्म टोपी, बूट आणि ट्रक यांत कधीच नव्हते. फजिती झालेल्या माणसाने आपली फजिती साध्या शब्दांत सांगावी आणि ऐकणाऱ्याला हसू येता येता घशाशी काहीतरी अडकावे, हे जुन्या पिढीतील गायक हँक विल्यम्सपासूनचे त्याचे काम आहे. लेंडरमनचा एक नायक आपले घड्याळ होकायंत्रही आहे आणि फोनही, अशी शेखी मिरवतो, आणि तेच घड्याळ त्याला तो एकटा पडल्याचे सांगते. दुसरा, बायको सोडून जात असताना, लास व्हेगासमध्ये भाड्याची फेरारी फिरवतो आणि एरिक क्लॅप्टनला देव मानतो. गीतकार त्याची टर उडवतो, पण ध्रुवपदाशी येताच सूर बदलतो: सगळे कोसळतेच, आणि तरीही प्रत्येकाला आपापले काम उरतेच. एवढ्या थोड्या शब्दांत एवढा नालायक माणूस उभा करणारे गीतकार आज फार नाहीत.

बँजोवेडा

गीतलेखनाबद्दल दुमत नाही. त्याला कंट्रीच्या वंशावळीत बसवण्याबद्दल मात्र आहे. हा आवाज सपाट, किंचित फाटका आणि आळसावलेला आहे, गिटार सरळसरळ नील यंगच्या ‘क्रेझी हॉर्स’ या रॉक बँडच्या वळणाची, घोगरी आणि ढिसाळ आहे, आणि या सगळ्यावर पेडल स्टीलचा (कंट्रीत वाजणारी, सूर घसरवत नेणारी आडवी गिटार) हात फिरवला की समीक्षक ‘अल्ट-कंट्री’ (रॉकच्या वळणाची कंट्री) म्हणून मोकळे होतात. भाकरीवर तूप सोडल्याने तिची पुरणपोळी होत नाही.

‘अंकल टुपेलो’ या बँडने १९९० मध्ये आपल्या पहिल्याच अल्बमला कार्टर कुटुंब या कंट्रीच्या आद्य गायकसमूहाच्या १९३६ मधील एका गाण्यावरून नाव दिले आणि ते गाणे स्वतः गायलेही. त्यांची रॉक गिटार कर्कश होतीच, पण कर्ज कुणाचे आहे हे त्यांनी उघडपणे मान्य केले. टायलर चाइल्डर्सचेही उदाहरण घ्या. पूर्व केंटकीतील लॉरेन्स काउंटीचा हा गायक ‘पर्गेटरी’ या २०१७ च्या अल्बमने पुढे आला. २०१८ मध्ये अमेरिकाना (लोकपरंपरेवर उभे अमेरिकी संगीत) संगीताच्या संस्थेने त्याला उदयोन्मुख कलावंताचा पुरस्कार दिला, तेव्हा त्याच व्यासपीठावरून त्याने आपण स्वतःला कंट्री गायक मानतो असे बजावून ‘अमेरिकाना’ हे लेबलच झिडकारले. लेंडरमनच्या बाबतीत असा हट्ट मला कुठेच दिसत नाही.

केरीकर

नॉर्थ कॅरोलायनात राहत असल्यामुळे ॲशव्हिलबद्दल थोडे. ते केवळ पर्यटकांचे आणि ब्रुअरींचे शहर आहे असा समज दिसतो. रेकॉर्ड निर्माता राल्फ पीअरने १९२५ मध्ये तिथे येऊन डोंगरातल्या गायक-वादकांची ध्वनिमुद्रणे केली होती. कंट्रीचा आद्य गायक जिमी रॉजर्स १९२७ मध्ये ब्रिस्टलला ध्वनिमुद्रणासाठी जाऊन अजरामर होण्याआधी ॲशव्हिलच्या डब्ल्यूडब्ल्यूएनसी या रेडिओ केंद्रावरून गात होता. बॅस्कम लमार लन्सफर्ड यांनी १९२८ मध्ये तिथे लोकसंगीताचा महोत्सव सुरू केला. मुलगा बाहेरून आलेला नाही, एवढेच म्हणायचे आहे.

पण आज तिथे वाढणाऱ्या मुलाच्या भोवती खाण किंवा तंबाखूचे शेत नसते. बास्केटबॉल आणि व्हिडिओ गेम असतात. १९९७ च्या बास्केटबॉल अंतिम मालिकेत आजारी असूनही ३८ गुण काढणारा मायकेल जॉर्डन आमच्या राज्यात दंतकथेसारखा सांगितला जातो. लेंडरमनने त्यावर गाणे रचून, तो आजार नसून आदल्या रात्रीची दारू होती असा दावा ठोकला आहे. स्थानिक वीराची अशी खोडी काढणे ही मला अस्सल गावरान रीत वाटते. (दोघांचीही आद्याक्षरे एम. जे., हेही ध्यानात घ्यावे.)

उलटतपासणी

आपण तिघेही एकाच चौकटीत भांडत आहात. लेंडरमन कंट्री आहे की नाही, यापेक्षा त्याच्याबाबत हा प्रश्न इतक्या कौतुकाने का विचारला जातो, हे तपासण्याजोगे आहे. याच राज्यातील गायिका आणि बँजोवादक रियानन गिडन्स आणि तिचे साथीदार मेबेन गावचे वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) जो थॉम्प्सन यांच्या घरी जाऊन शिकले आणि त्यातून २००५ मध्ये ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा समूह उभा राहिला. बँजो हे वाद्य आफ्रिकी गुलामांबरोबर अमेरिकेत आले, हे त्यांनी वाजवून दाखवले. त्यांना ग्रॅमी मिळाले ते ‘पारंपरिक लोकसंगीत’ या खणात. परंपरा प्रत्यक्ष गुरूकडून घेणाऱ्यांची जागा संग्रहालयात, आणि बेडरूममध्ये गिटार शिकलेला गोरा तरुण मात्र त्याच परंपरेचे भविष्य, ही वाटणी कुणी केली?

दक्षिणवारा

वाटणी अन्यायाची आहे, हे मान्य. परंतु तो हिशेब नियतकालिकांकडे आणि रेकॉर्ड कंपन्यांकडे मागायला हवा. गिडन्स यांना मिळायला हवे होते ते मिळाले नाही म्हणून फेरारीवाल्या गाण्याचे ध्रुवपद कच्चे ठरत नाही.

उलटतपासणी

कच्चे ठरत नाही. मात्र आपल्या पहिल्या परिच्छेदात ‘समीक्षकांचे लक्ष गेले’ हाच गुणवत्तेचा दाखला म्हणून आला आहे; तेव्हा लक्ष कुणाकडे जाते हा मुद्दा आपणच धाग्यात आणला आहे.

बँजोवेडा

मी पुन्हा गाण्यांकडे येतो. अल्बमचे शेवटचे गाणे सुमारे दहा मिनिटांचे आहे, आणि त्यातला बराचसा भाग शब्द संपल्यावर चालणारी घरघर आहे. गाणे कुठे थांबवायचे हे कार्टर कुटुंबाला अडीच-तीन मिनिटांत कळत असे.

दक्षिणवारा

त्या काळी तबकडीच तेवढ्यात संपत असे, हेही लक्षात घ्यावे. शिवाय त्या गाण्यातला माणूस खोलीबाहेर न पडता रात्र रात्र ‘गिटार हिरो’ हा व्हिडिओ गेम खेळणारा आहे, म्हणजे खऱ्या तारेला हात न लावता वाजवल्याचे समाधान मिळवणारा. त्याचे शब्द संपल्यावर खऱ्या वाद्यांचा आवाज तेवढा वेळ चालतो. मला ती घरघर गाण्याचाच भाग वाटते. ती काढली तर उरतो तो निव्वळ विनोद.

बँजोवेडा

हे स्पष्टीकरण गाण्यापेक्षा चांगले आहे. मला पटते ते अल्बमचे शीर्षकगीत, ज्यात साधी गिटार आणि फिडल यांच्या जोरावर तो गातो आणि मागे लपायला घोगरी गिटार नसते. ‘रिप टॉर्न’मध्येही फिडल पुढे आहे आणि आवाजाचा फाटकेपणा तिथे शोभतो. नऊ गाण्यांपैकी ही दोन मी कंट्री म्हणून कुणालाही ऐकवीन. उरलेली सात तुमच्या इंडी रॉकवाल्यांकडे राहू द्या.

केरीकर

सातांपैकी घड्याळाचे गाणे आम्ही देणार नाही. त्यातली पेडल स्टील काढून ऐकून पाहा, आणि मग ती नुसती वरून सोडलेली आहे का ते सांगा.