विद्यापीठाच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती व्ही४) चालू करायचंय, सुरुवात कुठून करू?

राउटरवाली:
मंडळी सल्ला हवाय. आमच्या विद्यापीठाकडे व्ही६ चा स्लॅश ४८ ब्लॉक (पत्त्यांचा मोठा गठ्ठा) नुसता पडून आहे, राउटर-स्विच सगळे सपोर्ट करतात, पण नॅटच्या (अनेक मशीन बाहेर एकाच पत्त्याने दिसतात ती सोय) मागे व्ही४ चालतंय ना मग कशाला हात लावा असं सगळ्यांचं म्हणणं. २०११ लाच व्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा संपलाय, अजून किती ढकलायचं? मला मनापासून करायचंय हे. ड्युअल स्टॅक (व्ही४ आणि व्ही६ दोन्ही एकत्र) पूर्ण कॅम्पसवर टाकू की एखादी लॅब घेऊ? आणि वायफायवर डीएचसीपीने (सर्व्हर पत्ते वाटतो ती पद्धत) अ‍ॅड्रेस दिले तर चालेल का, कारण सिक्युरिटीवाल्यांना कुठला अ‍ॅड्रेस कोणाचा ते लागतं.

पॅकेटवाचक:
एकच लॅब, एकच व्हीलॅन (स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क), आणि त्याला अख्खा स्लॅश ६४ (तुमच्या ४८ चा एक तुकडा) द्या. काटकसर नको, ऑटोकॉन्फिगला (म्हणजे स्लॅक, मशीन स्वतःच अ‍ॅड्रेस बनवतं) ६४ च लागतो आणि तुमच्या ४८ मधे तसे ६५,५३६ बसतात. वायफायवर नुसते डीएचसीपीव्ही६ ने एकेक अ‍ॅड्रेस वाटलेत तर अँड्रॉइड फोन ते घेत नाहीत, तिथे स्लॅक ठेवाच. हिशोबासाठी राउटरचं नेबर टेबल (कुठला अ‍ॅड्रेस कुठल्या मशीनचा ती यादी) दर काही मिनिटांनी लॉगमधे घ्या, त्यातला मॅक अ‍ॅड्रेस (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) वायफाय लॉगिनशी जुळवला की माणूस सापडतो. एका लॅपटॉपचे तीन-चार अ‍ॅड्रेस दिसले तर दचकू नका, प्रायव्हसीसाठी ते बदलत राहतात.

आधी_फायरवॉल:
हे सगळं नंतर हो, आधी फायरवॉल बघा! व्ही४ चे नियम व्ही६ ला आपोआप लागत नाहीत, आणि नॅट नसलं की प्रिंटरपासून प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनपर्यंत सगळं बाहेरून दिसू शकतं. पण म्हणून आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे आपसातले अडचणीचे निरोप) सरसकट ब्लॉक करू नका. त्यातला ‘पॅकेट टू बिग’ (पॅकेट वाटेत मावत नाही) हा निरोप अडला की कनेक्शन लागतं, साइट उघडायला लागते आणि मोठी फाइल मधेच लटकते, मग शोधत बसा. स्विचवर आरए गार्ड (खोट्या राउटर-घोषणा अडवणारी सोय) पण लावा, नाहीतर कोणाचाही लॅपटॉप स्वतःला राउटर म्हणवून घेईल.

वाचनकट्टा:
मी ग्रंथालयात काम करते, एक कळकळीची विनंती, आम्हाला आधी सांगा. बरीच जर्नल्स आयपी रेंज बघूनच आत सोडतात आणि प्रकाशकांकडे आपली फक्त व्ही४ रेंज नोंदलेली असते. प्रकाशकाची साइट व्ही६ वर असेल तर ब्राउझर तिकडूनच जातो आणि काल उघडलेला पेपर आज पैसे मागतो. वर्गणी आपण भरलेली असते आणि थीसिस लिहिणारी मुलं बिचारी बाहेर उभी! आपला व्ही६ प्रीफिक्स (म्हणजे तो स्लॅश ४८) त्यांच्याकडे आधी नोंदवून घेतला की हा प्रश्नच येत नाही.

राउटरवाली:
हे तर डोक्यातच नव्हतं, उद्याच ग्रंथालयात जाते. आणि टेस्ट कशी करू? ब्राउझरमधे सगळं छानच दिसतं.

पॅकेटवाचक:
दिसणारच, व्ही६ अडलं की ब्राउझर गुपचूप व्ही४ वर जातो. एका मशीनवर व्ही४ पूर्ण बंद करून दिवसभराचं काम त्यावर करा, मेल, लायब्ररी, परीक्षा पोर्टल सगळं. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरचे क्वाड-ए रेकॉर्ड (साइटच्या नावाला व्ही६ अ‍ॅड्रेस जोडणारी नोंद) डीएनएसमधे सगळ्यात शेवटी टाका, सर्व्हिस व्ही६ वर नीट उत्तर देतेय हे बाहेरून तपासल्यावरच.