'एशियन', 'चायनीज' की नुसतं मोमो?

मागच्या हिवाळ्यात आई, मोठे काका आणि मी अमरावतीहून नवेगावबांधला निघालो होतो. भंडारा मागे पडलं, साकोली यायची होती. महामार्गावरच्या एका हॉटेलाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : 'एशियन फूड'. काकांनी विचारलं, "एशियन म्हंजे काय भेटते रे इथं?" मी म्हटलं, "आशियातलं जेवण." त्यावर काका म्हणाले, "मंग आपलं वरन-भात कोठचं हाय?"

हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून शब्दचर्चेत मांडतो आहे.

आत बसल्यावर मेनूकार्ड पाहिलं. 'एशियन'च्या पानावर हाका नूडल्स, मंचुरियन, थाई करी, रामेन आणि मोमो. वरण-भात वेगळ्या पानावर, 'इंडियन'खाली. म्हणजे हा शब्द भारताला आशियातून वगळून आपल्याकडे आला. अमेरिकेत 'एशियन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बहुधा चीन, जपान, कोरियाकडची माणसं येतात. ब्रिटनमध्ये तोच शब्द भारत-पाकिस्तानकडच्या माणसांसाठी वापरतात. एकच शब्द दोन देशांत दोन अर्थांनी चालतो आणि साकोलीच्या रस्त्यावर पोचेपर्यंत त्यातले आपण गळून पडलेले असतो. 'आशियाई जेवण' असा भाषांतरित शब्द केला तरी ही अडचण सुटत नाही, उलट ती मराठीत पक्की होते. काकांचा आक्षेप मला शंभर टक्के बरोबर वाटतो.

दुसऱ्या दिवशी इटियाडोह धरणाच्या भागात गोठणगावला गेलो. तिथं तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग, १९७२ सालची. गावकरी 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. एका घरगुती हॉटेलात मोमो आणि थेन्थुक, म्हणजे कणकेच्या तुकड्यांचा तिबेटी रस्सा, खाल्लं. मी सहज बोलून गेलो, "तुमचं चायनीज छान आहे हो." वाढणाऱ्या ताईंनी शांतपणे सांगितलं, "दादा, हे चायनीज नाही. हे आमचं आहे." चीनच्या सत्तेपासून दूर येऊन ज्या घरांनी इथल्या धानपट्ट्यात नव्यानं संसार मांडले, त्यांच्याच ताटाला मी चीनचं नाव दिलं होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. लगेच त्यांनी वाटी पुढे केली आणि विचारलं, "वरून सांबार घालू?" इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगतो, विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यांच्या तोंडी आमचा शब्द इतका सहज होता आणि माझ्याकडे त्यांच्या पदार्थासाठी धड शब्द नव्हता.

तर, 'चायनीज' हा शब्द आपण कुठवर ताणायचा?

वर्ध्याहून एका काकूंचं उत्तर :
तुमची भावना समजली, पण भाषा असंच करते. माझ्या घरी आजही 'जर्मनचा गंज', म्हणजे पातेलं, आहे. तो ॲल्युमिनियमचा आहे, त्याचा जर्मनीशी काय संबंध? जर्मन सिल्व्हरवरून नाव पडलं आणि राहिलं. चिनी मातीची बरणीही दर वेळी चीनहून येत नाही. आमच्या चौकातली पोरं 'चायनीज खायला जाऊ' म्हणतात तेव्हा त्यांना देश अभिप्रेत नसतो. कोबी, मोठी आच, सोया सॉस आणि लाल रंग एवढाच त्याचा अर्थ. 'चिनी जेवण' म्हणा बरं त्यांना, कोणालाच कळणार नाही. चिनी आणि चायनीज हे मराठीत आता दोन वेगळे शब्द आहेत.

माझं म्हणणं :
काकू, शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. चौकातल्या गाडीपुरतं 'चायनीज' मला मान्यच आहे, कारण तिथला पदार्थ त्या शब्दासारखाच इथं घडलेला आहे. मंचुरियनचंच बघा. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, पण या पदार्थाचं श्रेय सहसा नेल्सन वांग या मुंबईतल्या आचाऱ्याला देतात, साल १९७५. शेजवान म्हणजे सिचुआन प्रांत, पण आपली लाल शेजवान चटणी आपलीच. हे शब्द आता आपले आहेत. फरक इतकाच, की जर्मनच्या गंजाला आपण काय म्हणतो ते ऐकू येत नाही. गोठणगावच्या ताईंना येतं.

वाशीमहून एका भाऊंचं उत्तर :
सोया सॉसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या शिवारात खरिपात जिकडेतिकडे सोयाबीन. हा शब्द मूळ जपानी 'शोयू'वरून, डचांच्या तोंडून युरोपात गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. आणि शोयू म्हणजे दाणा नव्हे, सॉस! आधी सॉसचं नाव तिकडे पोचलं, मग ज्या दाण्यापासून तो होतो त्याला तेच नाव पडलं. आम्ही पोती भरभरून पिकवतो, भावासाठी बाजार समितीत रांगा लावतो, आणि ज्याच्यावरून पिकाचं नाव पडलं तो पदार्थ चाखतो तो प्रवासात, गाडीवर. तुम्हाला केचपही सांगतो : चीनच्या दक्षिण किनाऱ्याकडच्या बोलीत तो मासळीचा आंबवलेला रस होता, टमाटर त्यात फार नंतर आलं.

गोंदियाहून एका ताईंचं उत्तर :
मला 'स्टीम मोमो'बद्दल बोलायचं आहे. याला उकडलेले म्हणावं की वाफवलेले? पुस्तकी मराठीत 'उकडणे' दोन्हीकडे चालतं. बटाटा पाण्यात बुडवून उकडतात. उकडीच्या मोदकातली 'उकड' मात्र पारीच्या पिठाची असते, ते वाफवतात म्हणून ते नाव नाही. आमच्याकडे तर मोदक तळायचेच. मग मोमोला 'उकडलेला' म्हटलं की आमच्या मनात तो पाण्यात गटांगळ्या खातो. 'वाफवलेला' हाच शब्द बरोबर. आणि राइस मिलच्या गावची आहे म्हणून भर घालते : धान भिजवून, वाफ देऊन, वाळवून मग भरडलं की त्या तांदळाला कोकणात उकडा म्हणतात, आमच्या बाजारात उसना. न वाफवलेला तो अरवा. हा उसना 'उष्ण'मधला, उसनवारीतला नव्हे.

माझं म्हणणं :
ताई, 'वाफवलेला' मान्य. आमच्या आईनं पहिला मोमो हातात घेऊन म्हटलं होतं, "ह्या त वाफेवरच्या करंज्याच हायेत." मला वाटतं मराठीत हे वर्णन म्हणून उत्तम आहे, नाव म्हणून मात्र नको. नाव मोमोच राहू द्यावं. फक्त 'मोमोज' नको. त्यातला 'ज' इंग्रजी अनेकवचनाचा आहे आणि आपण त्यावर परत 'मोमोजं' असं अनेकवचन चढवतो. एक फोटो, दोन फोटो. तसं एक मोमो, दोन मोमो, मोमोंची चटणी. सरळ बसतं.

यवतमाळहून एक प्रश्न :
'थुक्पा' हा शब्द मेनूत वाचला की आमच्या घरची मंडळी नाक मुरडतात. उच्चार बदलून लिहिला तर?

माझं म्हणणं :
बदलू नये. थुक्पा म्हणजे तिबेटीत शेवयांचा किंवा तशा पिठाच्या तुकड्यांचा रस्सा, आपल्या 'थुंक'शी त्याचं काही नातं नाही. एकदा घरच्यांना त्याच्या बाजूचा थेन्थुक सांगून बघा. 'थेन' म्हणजे ओढणे. कणकेची पट्टी हातानं ओढायची, तिचे तुकडे तोडून थेट उकळत्या रश्श्यात टाकायचे. ताईंनी हे करून दाखवलं तेव्हा आई चुलीजवळ सरकली. म्हणाली, "आमी तुरीच्या वरनात टाकतो अशाच, चिकोल्या. फक्त आमी लाटून कापतो." त्यावर ताईंनी दोनदा म्हणून पाहिलं, चि-को-ल्या, आणि आईनं थेन्थुक. आई 'थेंतुक'पर्यंत पोचली. नंतर गाडीत काकांनाही तिनं तोच शब्द सांगितला, 'चायनीज' म्हणाली नाही.

तेव्हा पाटीसाठी माझी सूचना अशी : 'एशियन' काढून पदार्थांची नावंच लिहावीत, आणि जागा कमी असेल तर 'तिबेटी', 'थाई', 'जपानी' असं ज्याचं त्याचं नाव. 'पूर्वेकडचे पदार्थ' हाही शब्द सुचला होता, पण गोंदिया आमच्या पूर्वेलाच आहे, तो टिकत नाही. कोणाला याहून चांगला शब्द माहीत असेल तर जरूर सांगा. आणि चिकोल्यांना तुमच्याकडे काय म्हणतात, चकोल्या, वरणफळं की आणखी काही, तेही गावाच्या नावासकट लिहा. पुढच्या खेपेला ती यादी गोठणगावला घेऊन जायची आहे, ताईंनी मागितली आहे.